कॉम्प्युटर सोडून बायॉलॉजीकडे: एक वर्ष जास्त लागलं तर?

प्रश्न: ताई, आम्ही सनीव्हेलला राहतो. मुलीचं हायस्कूल इथंच झालं आणि आता डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सचं एक वर्ष संपलं आहे. कॅल्क्युलसचे तीन कोर्स, प्रोग्रॅमिंग आणि फिजिक्सचा पहिला कोर्स झालाय, ग्रेड उत्तम आहेत. मेमध्ये जनरल एज्युकेशनसाठी, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या अभ्यासासाठी म्हणून बायॉलॉजीचा एक कोर्स केला आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय: मला बायॉलॉजीच करायची, यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, पदवी पुरी करायला त्यातच ट्रान्सफर घ्यायची. तिचे बाबा म्हणतात, या नोव्हेंबरला कॉम्प्युटर सायन्समध्येच अर्ज कर. माझा भाऊ म्हणतो, एखाद्या सोप्या मेजरमधून, म्हणजे मुख्य विषयातून, आत शिर आणि मग बदलून घे. ती म्हणते, मला इथे तिसरं वर्ष लागेल. तिसऱ्या वर्षाला लोक नापास झाली असं तर नाही ना समजणार?
— एक आई

उत्तर: तुमच्या घरात सगळ्यात बरोबर बोलतेय ती तुमची लेक. तिला तिसरं वर्ष लागणार आहे, आणि ते तिला मिळू द्या.

मी सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात निवृत्त होईपर्यंत बायॉलॉजी शिकवली. तिथल्या अनुभवावरून सांगते, लाइफ सायन्सेसच्या ट्रान्सफरचं वेळापत्रक बायॉलॉजी ठरवत नाही, केमिस्ट्री ठरवते. डी अँझात जनरल केमिस्ट्री तीन क्वार्टरांची, म्हणजे एका वर्षाची, आहे: १ए, १बी, १सी. ती संपल्याशिवाय ऑरगॅनिक, म्हणजे १२ए, १२बी, १२सी, घेता येत नाही. एकापुढे एक अशी ही दोन वर्षं होतात. मूल कितीही हुशार असलं तरी त्यांचं एक वर्ष होत नाही. तुमच्या मुलीने अजून १ए घेतलेलीच नाही. या नोव्हेंबरला बायॉलॉजीसाठी अर्ज केला, तर पुढच्या जूनपर्यंत तिची फक्त जनरल केमिस्ट्री झालेली असेल. यूसीचे काही कॅम्पस तेवढ्यावरही अर्ज वाचतील, पण जिथे स्पर्धा मोठी आहे तिथे ऑरगॅनिक सुरू केलेल्या मुलांपुढे तिचा अर्ज उघडा पडेल. आणि समजा घेतलं, तरी तिथे जाऊन ऑरगॅनिक आणि वरच्या वर्गाचे कोर्स एकदम अंगावर येतील. ट्रान्सफर झालेल्या मुलांच्या हातात तिथे साधारण दोनच वर्षं असतात.

आता तो मेमधला कोर्स. पालकांना हे ऐकून वाईट वाटतं, पण तो मेजरच्या तयारीत धरला जाणार नाही. जनरल एज्युकेशनची बायॉलॉजी वेगळी आणि मेजरवाल्यांची वेगळी. डी अँझात मेजरवाल्यांची मालिका ६ए, ६बी, ६सी. नर्सिंगकडे जाणारी मुलं ४० नंबरची अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी घेतात, तीही या मालिकेच्या जागी चालत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा अ‍ॅनाटमीत ए ग्रेड मिळवून आला होता आणि निम्मी तयारी झाली असं समजून निर्धास्त होता. त्याला पहिल्या कोर्सपासून सुरुवात करावी लागली. म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नका. असिस्ट ही राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. तिथे डी अँझा, हवा तो कॅम्पस आणि हवं ते मेजर निवडलं, की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतात ते समोर दिसतं. मुलीला चार-पाच कॅम्पसचे असे कागद छापून शेजारी शेजारी ठेवायला सांगा. एक मालिका एकाच कॉलेजात पुरी करायची, हेही लक्षात असू द्या. ६ए इथे आणि पुढचं शेजारच्या फूटहिल कॉलेजला, असं केलं की बदल्याचं गणित बऱ्याचदा विस्कटतं.

मी तिच्या जागी असते तर अशी मांडणी केली असती. हे वर्ष जनरल केमिस्ट्री आणि उरलेलं फिजिक्स. पुढचं वर्ष ऑरगॅनिक आणि ६ची मालिका. एका वेळी दोन लॅब, तिसरी नाही. ऑरगॅनिक उन्हाळ्यात उरकायचा मोह होतो, तो टाळायचा. सहा आठवड्यांत पाठांतर होतं, समज येत नाही. मग पुढच्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज भरताना केमिस्ट्रीचं पहिलं वर्ष हातात असेल, १२ए आणि ६ए चालू असतील आणि बाकीचे कोर्स ठरलेले म्हणून लिहिता येतील. फॉलच्या, म्हणजे सप्टेंबरला सुरू होणाऱ्या क्वार्टरच्या, ग्रेड जानेवारीत कळवायच्या असतात. अर्जाच्या आधी सप्टेंबरमध्ये टॅग भरता येईल, म्हणजे हमीचा प्रवेश. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच कॅम्पससाठी तो मिळतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. हमी असली तरी मेजरच्या अटी पाळाव्याच लागतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हा प्रश्न उद्या येणारच: एवढे कोर्स जास्त झाले तर? यूसी कम्युनिटी कॉलेजचे जास्तीत जास्त १०५ क्वार्टर युनिट पदवीच्या हिशेबात धरते. (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप.) त्यापुढच्या कोर्सचे युनिट मिळत नाहीत, पण विषय झाला असं मानतात. फक्त कम्युनिटी कॉलेजात शिकलेल्या मुलांना युनिट जास्त झाले म्हणून नाकारत नाहीत. आणि पैशांचं म्हणाल, तर रहिवाशांना इथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात. ४५ युनिटांचं अख्खं वर्ष १,३९५ डॉलरमध्ये होतं. एवढ्या पैशांत यूसीचं एक क्वार्टरही होत नाही.

तुमच्या भावाचा सल्ला मात्र मुळीच मानू नका. आत शिरल्यावर मेजर बदलायला त्याच अटी पुऱ्या कराव्या लागतात, आणि गर्दीच्या मेजरांची दारं आतल्यांनाही सहज उघडत नाहीत. शिवाय अर्जात ट्रान्सफरच्या मुलांना एक सक्तीचा प्रश्न असतो: या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केलीत? साडेतीनशे शब्दांत उत्तर लिहायचं. ज्या विषयात मन नाही त्याबद्दल तिने तिथे काय लिहायचं?

तिच्या बाबांची काळजी मला कळते. नोकरीची वाट सरळ दिसत होती आणि ती आता धूसर झाली असं त्यांना वाटत असेल. त्यांना जिम केंटची गोष्ट सांगा. हा माणूस कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनचं प्रोग्रॅमिंग करत होता. ते सोडून तो सँटा क्रूझला बायॉलॉजीत पीएचडी करायला गेला. २०००मध्ये मानवी जीनोमचे, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएचे, तुकडे जुळवणारा प्रोग्रॅम त्याने साधारण महिनाभरात लिहिला, आणि ७ जुलैला सँटा क्रूझने जीनोमचा तो जुळवलेला मसुदा सगळ्या जगासाठी इंटरनेटवर खुला केला. बायॉलॉजीच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग येत होतं म्हणून हे झालं. तुमच्या मुलीचं कॅल्क्युलस कामी येणार आहे, फिजिक्स येणार आहे, आणि डीएनएचा डेटा समोर आला की तिचं प्रोग्रॅमिंगही येईल. असिस्टवर बघताना तिने सॅन डिएगोचं बायोइन्फर्मेटिक्स आणि सँटा क्रूझचं बायोमॉलिक्युलर इंजिनिअरिंगही उघडून बघावं. बर्कलीला जेनेटिक्स आणि प्लँट बायॉलॉजी, मायक्रोबियल बायॉलॉजी ही मेजर रॉसर कॉलेज या तिथल्याच वेगळ्या विभागात आहेत. आपली मुलं बर्कली म्हटलं की मॉलिक्युलर अँड सेल बायॉलॉजीपुढे बघतच नाहीत. आणि डॉक्टरकी हा विषय सध्या काढू नका. ती स्वतः काढेल तेव्हा बोला.

लोक नापास समजतील का? माझ्या वर्गातून गेलेली कितीतरी मुलं तीन वर्षांनी गेली, काही चार वर्षांनीही. नोकरी करून, धाकट्या भावंडांना शाळेत सोडून मग लॅबला येणारी मुलं होती ती. त्यांना उशीर झाला असं मला कधी वाटलं नाही.

फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं आणि केमिस्ट्रीच्या लॅबच्या जागा फार लवकर भरतात. १एमध्ये जागा नसेल तर तिने आजच वेटलिस्टवर नाव घालावं आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावं. पहिल्या आठवड्यात मुलं गळतात आणि जागा निघतात. पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. काय बघून तिचं मन बायॉलॉजीवर बसलं, हे मला तिच्याकडूनच ऐकायचंय.