वाचक विचारतात : एका 'एन/ए'ने अडवलेला लोड जॉब

प्रश्न : बिगक्वेरीतलं (गूगलचा क्लाउड डेटाबेस) एक टेबल रोज सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) नव्याने भरतो. स्कीमा, म्हणजे कॉलमांची नावं आणि टाइप, ऑटोडिटेक्टवर (बिगक्वेरीनेच ओळखण्यावर) सोडला आहे. हल्ली संख्येच्या कॉलममध्ये 'एन/ए' (माहिती नाही) सापडलं की इंट64ची (पूर्णांकाचा टाइप) एरर येते आणि जॉब बंद पडतो. मॅक्स बॅड रेकॉर्ड्सचा (किती खराब ओळी सोडून द्यायच्या) आकडा वाढवू का?

उत्तर : नको. जॉब यशस्वी दिसेल, पण त्या ओळी टेबलात येणारच नाहीत आणि बेरीज चुकल्यावरच ते कळेल.

ऑटोडिटेक्ट जास्तीत जास्त पहिल्या 500 ओळी पाहून टाइप ठरवतं. 'एन/ए' त्याच्या पुढे असेल, तर कॉलम आधीच इंट64 ठरलेला असतो. नल मार्कर (नल म्हणजे 'किंमत नाही' समजायची खूण) म्हणून 'एन/ए' देता येतं, पण मग स्ट्रिंग (मजकूर) आणि बाइट्स सोडून इतर कॉलमांतल्या रिकाम्या जागांवर एरर येऊ लागते.

त्यापेक्षा आधी स्टेजिंग टेबल (कच्चा डेटा ठेवायचं मधलं टेबल) करा, सगळे कॉलम स्ट्रिंग ठेवा, ऑटोडिटेक्ट बंद करा. मुख्य टेबलात नेताना आधी ट्रिमने कडेच्या मोकळ्या जागा काढा, मग नलइफने (दिलेली किंमत सापडली की नल करणारं फंक्शन) 'एन/ए' आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही नल करा (स्ट्रिंग कॉलममध्ये रिकामी जागा आपोआप नल होईलच असं नाही, हे हमखास विसरलं जातं). '1,250' मधला स्वल्पविराम रिप्लेसने काढा आणि शेवटी टाइप बदलणारं सेफ कास्ट लावा. सेफ कास्ट न जमलेल्या ठिकाणी निमूटपणे नल ठेवतं. म्हणून साफ केलेली किंमत नल नाही, पण कास्टनंतर नल झाली, अशा ओळी वेगळ्या टेबलात काढा आणि रोज बघा.

'00417' सारखे कोड स्ट्रिंगच राहू द्या, इंट64मध्ये सुरुवातीची शून्यं जातात. रकमेला फ्लोट64 (दशांश अंदाजे साठवणारा टाइप) नको, न्यूमेरिक घ्या; त्यात दशांशानंतर 9 स्थानं अचूक राहतात. '03/04/2024' हे 3 एप्रिल की 4 मार्च, हे फाइल पाठवणाऱ्यालाच विचारा आणि मजकुराची तारीख करणाऱ्या पार्स डेटला तोच फॉरमॅट द्या.

प्रश्न : पांडाजमधून (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) बिगक्वेरीसाठी पार्के फाइल (कॉलमांचे टाइपही साठवणारी डेटा फाइल) बनवतो. कॉलममध्ये पूर्णांकच आहेत, तरी टेबल म्हणतं की फ्लोट आला.

उत्तर : कॉलममध्ये कुठेतरी रिकामी जागा असणार. पांडाजच्या साध्या इंट64मध्ये रिकाम्या किमतीला जागाच नाही, म्हणून अख्खा कॉलम फ्लोट64 होतो आणि पार्केत तसाच उतरतो. फाइल लिहिण्याआधी टाइप बदलणाऱ्या अ‍ॅजटाइपने कॅपिटल आयचा इंट64 द्या, तो नल सांभाळतो. पार्केत टाइप फाइलमध्येच लिहिलेला असतो, त्यामुळे दुरुस्ती लोडच्या वेळी नाही, फाइल बनते तिथेच करावी लागते.