तो ३३ वर्षांचा, मी ३४

‘माझ्या वयाची माणसं कुठल्या कुठे पोचली आणि मी अजून इथेच.’ समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं सुरुवात केली की पुढचं मला ठाऊक असतं. फक्त तुलनेतलं नाव बदलतं. कुणाचा वर्गमित्र असतो, कुणाची चुलतबहीण. निनादच्या बाबतीत (नाव बदललं आहे, लिहायला त्याची परवानगी आहे) ते नाव होतं डिलन फील्ड.

फील्ड म्हणजे फिग्मा कंपनीचा सहसंस्थापक. ॲप किंवा वेबसाइट दिसेल कशी, हे आखायचं तिचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं आणि एकाच फाइलवर अनेकांना एकाच वेळी काम करता येतं. ३१ जुलै २०२५ ला कंपनीचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आला. ३३ डॉलरला दिलेला शेअर त्याच दिवशी ११५.५० डॉलरवर बंद झाला. त्यानंतर लगेचच निनाद माझ्याकडे आला. झोप नाही, चिडचिड, कामाला हात लावावासा वाटत नाही.

त्यानं दोन मित्रांबरोबर डिझाइनरांसाठीच एक छोटं सॉफ्टवेअर काढलं होतं. पैसे संपत आले तसे दोघंही नोकरीला लागले.

“पूर्वी रात्री फाइल उघडली की स्क्रीनवर दोन रंगीत बाण पळत असायचे, दोघांच्या नावासकट. आता फक्त माझा काळा बाण. तो ३३ वर्षांचा आहे मॅडम, मी ३४.”

“तुझं नंतर ऐकते. आधी त्याची गोष्ट सांग.”

गोष्ट त्याला तोंडपाठ होती. २०१२ मध्ये विशीतल्या फील्डनं ब्राउन विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडलं, त्यासाठी एक लाख डॉलरची थिएल फेलोशिप घेतली, इव्हान वॉलेस या मित्राबरोबर कंपनी काढली. मग फोटोशॉपवाल्या ॲडोबीनं ती विकत घ्यायला वीस अब्ज डॉलर देऊ केले. मग शेअर बाजार. मी कागद पुढे केला आणि वर्षं लिहायला सांगितलं. त्यानं २०१२ लिहिलं, खाली २०२२, खाली २०२५.

“२०१२ आणि २०२२ च्या मधे काय झालं?”

तो थोडा वैतागला, पण लिहू लागला. या क्षेत्रातलाच असल्यामुळे त्याला सगळं माहीत होतं, फक्त गोष्ट सांगताना तो ते गाळत होता. ड्रोनचा विचार करून पाहिला, काही दिवस मीम बनवायच्या साधनाचा. वॉलेसनं ब्राउझरमध्ये पाण्याची टाकी आणि त्यात हलणारा चेंडू असं एक प्रात्यक्षिक केलं होतं. ब्राउझर इतकं जड काम पेलू शकतो, हे त्यातून दिसत होतं, पण त्यावर डिझाइनचं अख्खं साधन उभं करायला वर्षं गेली. डिसेंबर २०१५ मध्ये ते मोजक्या लोकांना दाखवलं, सर्वांना खुलं झालं सप्टेंबर २०१६ मध्ये आणि पैसे आकारायला सुरुवात झाली २०१७ मध्ये. आपल्या फाइलमध्ये चारचौघं एकदम हात घालणार, हे ऐकून काही डिझाइनर म्हणाले होते, असंच असेल तर हा व्यवसायच सोडतो.

निनाद कागदाकडे बघत हसला. “२०१५ मध्ये हा माझा धाकटा भाऊ असता ना, तर मी म्हणालो असतो, बाबा रे, परत जा आणि डिग्री पुरी कर.”

इथे ‘धीर धर’ म्हणून थांबायचा मोह होतो. मी थांबत नाही, आणि का ते पुढच्या भेटीतच दिसलं. “त्यांना पैसे आकारायलाच पाच वर्षं लागली, मग माझी अजून दीड-दोन वर्षं शिल्लक आहेत,” असं म्हणत तो उत्साहानं आला. म्हणजे फूटपट्टी तीच, फक्त आता तिच्यावरचं माप त्याच्या सोयीचं होतं. चार-पाच वर्षं राबून गुपचूप बंद पडलेल्या कंपन्यांची वर्षं कुणी लिहून ठेवत नाही. फिग्माला उशीर लागला म्हणून निनादला यश मिळेल, असं काहीच सिद्ध होत नाही. असा दिलासा पहिल्या वाईट बातमीला वाहून जातो.

म्हणून मी तोच कागद काढला आणि म्हटलं, “आता कंपनीची किंमत लिही.”

२०२१, दहा अब्ज डॉलर. सप्टेंबर २०२२, ॲडोबीचा प्रस्ताव, वीस अब्ज. डिसेंबर २०२३, युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांच्या आक्षेपांमुळे सौदा रद्द, ॲडोबीनं भरपाई म्हणून एक अब्ज मोजले. २०२४, साडेबारा अब्ज. मग २०२५ मधला शेअर बाजारातला तो पहिला दिवस. त्यापुढच्या काही महिन्यांत शेअर पहिल्या दिवसाच्या बंद भावाच्या निम्म्याखाली गेला, तीही ओळ त्यानं नंतर स्वतःहून जोडली.

“वीसवरून साडेबारावर आलं, तेव्हा फील्ड माणूस म्हणून किती टक्के कमी झाला?”

“हा काय प्रश्न झाला?”

“सांग ना, किती टक्के?”

“माणसाचा काय संबंध, मॅडम? सॉफ्टवेअर तेच, माणसं तीच. भाव काय, वर-खाली होतो…” आणि तो अडखळला.

अशा वेळी मी बोलत नाही. ही सवय मी प्रयत्नानं लावून घेतली आहे आणि तिचा मला थोडा अभिमानही आहे. वाक्य आपण पुरं केलं तर ते आपलं होतं, समोरच्याचं राहत नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “त्याचं घसरलं तर मी म्हणतो भाव पडला. माझं घसरलं तर म्हणतो मी पडलो.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. कृतीला गुण द्या, हवे तेवढे कडक द्या, पण अख्ख्या माणसाला गुण देऊ नका, हे तिचं सांगणं मला वर्षानुवर्षं खरं ठरताना दिसलंय. आपला धंदा बुडाला तर वाईट वाटणारच, वाटायलाच हवं. पण ‘धंदा बुडाला’ आणि ‘मी टाकाऊ’ ही एका दमात म्हटलेली दोन वाक्यं सुटी केली, की पहिल्याबद्दल काहीतरी करता येतं. दुसऱ्याबद्दल नुसतं कुढता येतं.

निनादचे प्रश्न त्यानंतर बदलले. शिल्लक किती महिने पुरेल? जे मोजके लोक आपलं साधन रोज वापरतात, ते नेमकं कशासाठी? मित्र का गेले, हे त्यानं विचारलंच नव्हतं. फोन केल्यावर कळलं, एकाच्या डोक्यावर घराचा हप्ता होता आणि सांगायला त्याला संकोच वाटला होता. तो परत आलेला नाही. निनादनं बायकोबरोबर बसून एक तारीख आणि एक रक्कम ठरवली. तिथवर चालवायचं, पुढे नाही. मधल्या काळात बाहेरची डिझाइनची कामं घ्यायची. ती तारीख अजून यायची आहे.

तुम्हालाही असं कुणी छळत असेल तर त्याची गोष्ट कागदावर उतरवा आणि मधली वर्षं भरा. भरता येत नसतील तर समजा, तुलना माणसाशी चाललेली नाही, बातमीशी चालली आहे. थांबायची सीमा मन शांत असताना ठरवा आणि एका तरी माणसाला सांगून ठेवा. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगून काय उपयोग असे विचार येत असतील, तर दोन आठवड्यांचीही वाट न बघता लगेच भेटा. तिथे कागद-पेन पुरत नाही.

आणि घरच्यांना एक विनंती. ‘कधी चालणार रे तुझं ते?’ हे जेवताना विचारू नका. ‘आज काय केलंस?’ विचारा. उत्तर कळलं नाही तरी चालेल, निनादच्या आईलाही कळत नाही.