तीन पंखांच्या मॉडेल रॉकेटसाठी वेगवेगळ्या व्यासांना जुळणारा लाँच टॉवर (सुटताना रॉकेटला सरळ धरणारा पाइपांचा सांगाडा) कोल्हापुरात कसा करून घ्यावा?

१२ मिमीचे तीन सरळ अ‍ॅल्युमिनियम पाइप, प्रत्येकी दीड मीटर, १२० अंशांवर उभे करा आणि वर-खाली दोन कड्यांतल्या लांबट खाचांत ते आत-बाहेर सरकू द्या. कडी शिवाजी उद्यमनगरात ६ मिमी पत्र्यातून कापून घ्या. खाचांसाठी आत आलेल्या तीन पट्ट्या सोडल्या तर वरच्या कड्याचं भोक पंखांच्या पूर्ण फैलावापेक्षा मोठंच हवं; पंख या पट्ट्यांच्या मधून जातात. इथेच बहुतेकांचं चुकतं, पंख अडकून तुटतात. जुळवणीसाठी बॉडी ट्यूबच्या (रॉकेटच्या मुख्य नळीच्या) तुकड्याला कागद गुंडाळून पाइप त्याला टेकवा, म्हणजे कागद काढल्यावर चहूबाजूंनी अर्धा मिमी फट राहील. वर-खाली माप वेगळं झालं तर रॉकेट आवळतं. पाइपांवरची काजळी प्रत्येक उड्डाणानंतर पुसाच. मात्र दीड मीटर उंची पुरते ती इंजिनाचा जोर रॉकेटच्या वजनाच्या निदान नऊपट असेल तरच; तेव्हा सुटतानाचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास मिळतो.