अर्खिप्पाला सांगा

फोंडा, आषाढातला मंगळवार

प्रिय लेकरा,

ख्रिस्तात सलाम.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा निरोप मी सकाळी वाचला, दाराशी पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजत होता तेव्हा. मोबाइलवर मला एवढं लांब लिहिता येत नाही, म्हणून कागद घेतला.

‘शब्बाथशाळा बंद करतो, बाई. अठरा मुलं होती, चार उरली. मी आरंभशूरच.’ एवढंच लिहिलंस. अठराची चार का झाली याचं उत्तर फारसं गूढ नाही. पाऊस लागला, बायण्याहून चालत येणाऱ्या मुलांकडे छत्र्या नाहीत, आणि दोन कुटुंबं जूनमध्ये बेळगावकडे परत गेली, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा चारच्या आकड्यावर मी फार बोलत नाही.

आरंभशूर या शब्दावर मात्र बोलते. तो खोटा आहे असं नाही. गिटार, पत्राद्वारे चालणारा बायबलचा अभ्यासक्रम, वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढायचा तो भिंतीवरचा तक्ता (लेवीयच्या तेराव्या अध्यायात, त्या चट्ट्यांपाशी अडकलास ना? सगळे तिथंच अडकतात), ही यादी मलाही पाठ आहे. पण माणूस असा शब्द एकदा स्वतःला चिकटवून घेतो आणि मग त्याच्याच सावलीत बसतो. ‘मी असाच’ म्हटलं की पुढच्या रविवारी उठायला नको.

माझी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नोकरीत असताना इथल्याच एका वाड्यावर मी बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुरू केला होता. सुरुवात प्रार्थनेनं, पाट्या माझ्या पैशांच्या, उत्साह दांडगा. तिसऱ्या महिन्यात पाऊस, शाळेच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. एका गुरुवारी गेले नाही. पुढच्या गुरुवारी न जाणं सोपं झालं. बंद केला असं मी कोणाला सांगितलंसुद्धा नाही, वर्ग आपोआप विरला. दोनेक वर्षांनी मासळी बाजारात त्यातली एक बाई भेटली. बांगडे मोजता मोजता म्हणाली, “बाई, आमी ‘त’ मेरेन पावलेलीं. फुडलें केन्ना?” आम्ही ‘त’पर्यंत आलो होतो, पुढचं कधी? तिच्या आवाजात राग नव्हता. मी पावसात सापडले होते, अडचणी खऱ्या होत्या, आणि तरी मला तिच्याकडे बघवेना. त्या बाईचं वाचन अजून ‘त’पाशीच थांबलेलं असेल.

तेव्हापासून एक फरक मी करते. सोडणं वेगळं आणि सुटू देणं वेगळं. काही कामं सोडावी लागतात. पण ती देवासमोर बसून, माणसांना तोंडावर सांगून, शक्य असेल तर दुसऱ्याच्या हाती देऊन सोडायची. कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ थोडेच अध्याय होऊन थांबलेलं होतं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नानंतर अक्षरओळख झाली आणि ज्या नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षं वेगळ्याच वाटेवर उभ्या होत्या. सुरू करणाऱ्यानंच शेवट करावा असा प्रभूचा नियम दिसत नाही. पण तुझी मुलं तू कोणाच्या हाती देतो आहेस? मला तरी कोणी दिसत नाही.

आता बायबलमधल्या मार्काचं बघ. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सुवार्ता सांगायला निघालेला हा तरुण पंफुल्यातल्या पिर्गा येथून यरुशलेमला परत गेला. का गेला हे शास्त्र सांगत नाही, आणि मला ते बरं वाटतं, नाहीतर आपण आपलं कारण त्याच्या कारणाशी ताडून बघत बसलो असतो. पुढच्या खेपेला बर्णबाला तो बरोबर हवा होता, पौलाला नको होता, आणि दोघांत एवढी तेढ झाली की ते वेगळे झाले. म्हणजे मार्कालाही आरंभशूर म्हणणारं कोणी होतं, आणि तेही साधंसुधं नव्हे! पण बर्णबानं त्याला कुप्रला, म्हणजे सायप्रसला, नेलं. पुढे तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिताना तोच पौल म्हणतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. ‘धाव संपवली आहे’ हे त्याच अध्यायात, चारच ओळी वर आहे. प्रवचनात ती ओळ सगळे घेतात, मार्काची फार कोणी घेत नाही.

आणखी एक. ‘धाव संपवली’ म्हणणारा हा म्हातारा लगेच तीमथ्याला काय सांगतो? त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिला आहे तो आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्यापूर्वी ये. मृत्यू समोर दिसतोय आणि याला वाचायचं आहे. मी हे दर वेळी वाचते आणि हसते.

तू सांकवाळजवळ राहतोस, म्हणून गोव्याचे कॅथलिक धर्मगुरू संत जुझे वाझ यांचं नाव तुझ्या कानावरून रोज जात असेल. आपल्या मंडळीत संतांना नवस बोलत नाहीत, मीही बोलत नाही, पण या माणसाकडून शिकायला कोणाची परवानगी लागत नाही. १६८१ मध्ये त्यांचं मन सिलोनकडे, आजच्या श्रीलंकेकडे, ओढत होतं, पण पाठवलं गेलं कानडा प्रांतात. सिलोनला पोचले १६८७ मध्ये, तेही वेश बदलून, कारण किनारा डचांच्या ताब्यात होता आणि तिथं कॅथलिकांना बंदी होती. जाफन्यात हगवणीनं मरायला टेकले. कँडीला गेले तर पोर्तुगीजांचे हेर म्हणून कैदेत पडले, तिथं बसून सिंहली शिकले. गोव्याहून मदतीला दुसरे धर्मगुरू यायला सुमारे नऊ वर्षं लागली. १७११ मध्ये तिथंच मरण पावले, गोवा पुन्हा पाहिला नाही. १६ जानेवारीला सांकवाळच्या फेस्ताची गर्दी बघशील तेव्हा ती मधली नऊ वर्षं आठव. त्या वर्षांत कोणी त्यांच्या नावानं मेणबत्त्या लावत नव्हतं.

मधल्या दिवसांना काही चव नसते, बाळा. बोरीच्या खाजनांतले बांध बघितलेस कधी? भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध आणि पाणी सोडायला-अडवायला मानस, म्हणजे दार. खेकडे बांधाला भोकं पाडत राहतात. ती बुजवायची, पुन्हा पडतात, पुन्हा बुजवायची. या कामाचा कोणी सत्कार करत नाही. एका हंगामात दुर्लक्ष झालं, बांध फुटला, तर खारं पाणी आत येतं आणि पुढे काही वर्षं भात नीट धरत नाही. तुझी रविवारची सकाळ म्हणजे भोक बुजवणं आहे. मला हे काम सुंदर वाटतं असं नाही, कंटाळवाणंच आहे, चिखल नखांत जातो.

कलस्सैकरांच्या पत्राच्या अगदी शेवटी पौल एका अर्खिप्पाला निरोप देतो, तोही सगळ्या मंडळीसमोर वाचला जाईल असा: तुला प्रभूमध्ये मिळालेली सेवा पूर्ण करण्याकडे लक्ष दे. अर्खिप्प त्या दिवशी लाजेनं लाल झाला असेल. तुला मी चारचौघांत काही म्हणणार नाही, हे पत्र तुझ्यापुरतं आहे.

तर असं कर. वर्षभराचं बोलू नकोस. नाताळपर्यंत त्या चारांना मार्ककृत शुभवर्तमान पुरं वाचून दाखव. सोळाच अध्याय आहेत, रविवारी एक घेतलास तरी नाताळाच्या आधी संपतं. चारातला एक नाही आला तर तिघांना वाच. कोणीच नाही आलं तर मोठ्यानं स्वतःला वाच आणि मला फोन कर, मी ऐकते. नाताळानंतर बंद करावंसं वाटलं तर माझ्याबरोबर बसून, प्रार्थना करून, मुलांच्या घरी जाऊन सांगून बंद करू. मी बरोबर येईन. मला त्याचा अनुभव नाही, मी माझा वर्ग तसा बंद केला नव्हता.

येत्या रविवारी मी पहिल्या कदंब बसनं वास्कोला येते. मुलांसाठी शेव आणि केळी आणीन, दोन जुन्या छत्र्याही आहेत. मागच्या खेपेला माझी काळी छत्री तुझ्याकडे राहिली, ती दाराशी काढून ठेव. पाऊस काही थांबायचा नाही.

तुझी,
बाई