शोधनिबंध मोजून विद्यापीठांना पैसे: नॉर्वेत १३ वर्षं गुण तपासणाऱ्याचं उत्तर

तुमचा प्रश्न सरळ आहे. विद्यापीठांना संशोधनाचा निधी छापून आलेल्या शोधनिबंधांच्या संख्येवरून वाटला, तर बिघडलं कुठे? निदान वशिला तरी जाईल. या चर्चेत बऱ्याच जणांनी 'दर्जा असा मोजता येत नाही' म्हणून तुम्हाला उडवून लावलंय. मला ते जमणार नाही, कारण गेली १३ वर्षं माझी भाकरी या मोजणीवरच चाललीय. मी आधी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. बायकोच्या नोकरीमुळे नॉर्वेला आलो आणि इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रकाशनांच्या नोंदी तपासायला लागलो. त्यामुळे आपल्याकडचा एपीआयचा, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याच्या पद्धतीचा, काळही पाहिलाय आणि त्याचा नॉर्वेजियन चुलतभाऊही.

आधी नॉर्वेचं सांगतो, कारण या सगळ्या प्रकारांत सगळ्यात विचार करून बांधलेली पद्धत तीच होती. २००४ मध्ये आराखडा झाला आणि २००६ च्या अर्थसंकल्पापासून पैसे त्यावर वाटायला लागले. त्यांनी एक शहाणपण केलं: स्कोपससारख्या, शोधनिबंधांची सूची ठेवणाऱ्या विकतच्या डेटाबेसवर विसंबले नाहीत. स्वतःची राष्ट्रीय नोंदवही उभी केली, आणि तीत पुस्तकंही धरली, नॉर्वेजियन भाषेतले लेखही धरले. नियतकालिकांचे दोन स्तर केले. स्तर १ च्या नियतकालिकातल्या लेखाला १ गुण, स्तर २ ला ३. पुस्तकाला ५ किंवा ८. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ०.७ किंवा १. स्तर २ मध्ये किती नियतकालिकं घ्यायची तेही बांधून दिलेलं: त्या विषयात जगभर जेवढं छापलं जातं त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच. नाहीतर प्रत्येक विषय म्हणणार, आमची सगळीच उत्तम.

एक लेख घेऊन हिशेब दाखवतो. माशांवरचा एक लेख, चार लेखक, त्यातली एक आमच्या विद्यापीठाची, बाकीचे परदेशातले, नियतकालिक स्तर २ चं. जुन्या नियमाने ३ गुणांचा चौथा हिस्सा, म्हणजे ०.७५. पुढे नियम बदलला. आता चौथ्या हिश्शाचं वर्गमूळ काढायचं, ते आलं अर्धं. गुणिले ३, झाले १.५. परदेशी सहलेखक असल्याने वर १.३ ने गुणायचं: १.९५. लेख तोच, मासे तेच, गुण अडीचपटीच्या वर.

हा बदल कुणाच्या लहरीवर झाला नव्हता. डेन्मार्कच्या आर्हूस विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पद्धतीचं मूल्यमापन केलं, ते २०१४ च्या सुरुवातीला आलं. त्यात निघालं की सरळ हिस्से पाडल्यावर एकट्याने लिहिणाऱ्या मानव्यशाखांना झुकतं माप मिळतं आणि दहा-वीस जणांनी मिळून लिहिणारे वैद्यकवाले मार खातात. त्यावर वर्गमूळ हा तोडगा. म्हणजे बघा, इतिहास आणि वैद्यक यांच्यातलं भांडण शेवटी वर्गमूळाने मिटवावं लागलं. सूत्र निःपक्षपाती असतं म्हणतात, पण सूत्रात वर्गमूळ टाकायचं की नाही हे कुठल्यातरी समितीतच ठरतं.

वशिल्याचं म्हणाल तर तो जात नाही, जागा बदलतो. पूर्वी तो मंत्रालयाच्या दाराशी असेल, इथे तो स्तर २ च्या यादीच्या दाराशी आला. कुठलं नियतकालिक वर चढवायचं आणि कुठलं उतरवायचं हे त्या त्या विषयातले प्राध्यापकच सुचवतात, आणि ही निवड पुरेशी पारदर्शक नाही असा ठपका त्याच मूल्यमापनात होता. तरी मी म्हणेन, दाराआडच्या वशिल्यापेक्षा हा बरा. यादी निदान कुणालाही उघडून बघता येते.

आता पैशाचं. ऐकून धक्का बसेल: उच्च शिक्षणावरच्या एकूण खर्चात या गुणांवरून फिरणारा पैसा होता सुमारे २ टक्के. शिवाय गुणांसाठी ठेवलेली थैली ठरलेली. सगळ्यांनी मिळून दुप्पट लेख छापले तरी थैली तेवढीच राहणार, एका गुणाची किंमत उतरणार. आणि यंदा छापलेल्याचे पैसे मिळणार दोन वर्षांनी. व्यवहारी माणूस म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी कोण धावणार?

सगळे धावले.

इथे लोक या पद्धतीला अधिकृत नावाने हाक मारत नाहीत. 'तेल्लेकांट' म्हणतात. कपाटात चादरी, टॉवेल घडी करून रचले की ज्या बाजूने घड्या पटापट मोजता येतात ती कडा म्हणजे तेल्लेकांट. चादर फाटकी आहे का, विटलीय का, हे कडेवरून कळत नाही. चळतीत किती आहेत तेवढं कळतं. माझं काम या कडा मोजायचं. वर्षाच्या सुरुवातीला ते अंगावर येई, आपल्याकडच्या मार्चएंडसारखं. हा लेख खरंच समीक्षित आहे का, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलाय का, की संपादकीय आहे? ही डॉक्टरीणबाई इस्पितळातही आहे आणि विद्यापीठातही, पण लेखावर पत्ता फक्त इस्पितळाचा टाकलाय. मग आमचा गुण गेला. अशा पत्त्यांसाठी मी किती मेल लिहिले असतील त्याला गणती नाही, आणि प्रत्येक मेल लिहिताना वाटायचं, यात संशोधन कुठे आहे?

पद्धत आखणाऱ्यांनी बजावून ठेवलं होतं की हे गुण संस्थांमध्ये पैसे वाटायला आहेत, माणसं तोलायला नाहीत. पण आकडा एकदा तयार झाला की तो खाली झिरपतोच. एका विभागप्रमुखाने माझ्याकडून माणसागणिक तक्ता मागवला. नोंदी सगळ्यांना खुल्याच होत्या, नाही म्हणायला मला जागा नव्हती. पुढे विभागाच्या बैठकीत तो तक्ता पडद्यावर लावला, नावं आणि आकडे, उतरत्या क्रमाने. तळाला एक इतिहासाचे प्राध्यापक, तीन वर्षं ओळीने शून्य. माणूस एका मोठ्या पुस्तकावर बसला होता. दोन वर्षांनी पुस्तक आलं, चांगलं नावाजलं गेलं, पण त्या दुपारी पडद्यावर शून्यच होतं. तो तक्ता मी बनवला होता, एक्सेलमध्ये, क्रम लावायचं बटण दाबून. नंतर ते ग्रंथालयात आले की मी उगाच दुसऱ्या काउंटरकडे वळायचो.

देशपातळीवर मात्र नॉर्वेत अनर्थ झाला नाही, हेही सांगायला हवं. प्रकाशनं भरपूर वाढली, पण इतर संशोधकांच्या लेखनात या लेखांना मिळणाऱ्या उल्लेखांची सरासरी खाली आली नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण याच्या उलट दिलं जातं. तिथे १९९० च्या दशकात नुसती संख्या मोजून पैसे वाटले, नियतकालिक कुठलंही असो. तिथल्या संशोधक लिंडा बटलर यांनी २००३ मध्ये दाखवलं की जागतिक प्रकाशनांत ऑस्ट्रेलियाचा वाटा वाढला तो कमी प्रभावाच्या नियतकालिकांत जास्त. पुढची १०-१२ वर्षं 'मोजणी वाईट' म्हणणारा प्रत्येक जण याच अभ्यासाचा हवाला द्यायचा. २०१७ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी तोच काळ पुन्हा तपासून म्हटलं, निष्कर्ष चुकीचा आहे, दर्जा घसरलाच नव्हता. मग बटलरबाईंनी उत्तर दिलं, बाकीचेही उतरले. मला वाद वाचून दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या पटल्या. पण कुणी ऑस्ट्रेलिया तुमच्या तोंडावर फेकला तर एवढं लक्षात असू द्या.

चेक लोकांनी तर २००० च्या दशकाच्या शेवटी आपल्या पद्धतीला 'काफेम्लेयनेक' नाव दिलं होतं, म्हणजे कॉफी दळायची चक्की. वरून लेख, पेटंटं, नमुने, काय असेल ते टाका, खालून क्राउन, म्हणजे त्यांचे पैसे, बाहेर. नंतर ती त्यांनी मोडीत काढली.

आता आपल्याकडे. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत एपीआय आलं. नॉर्वेत आकडा विद्यापीठापासून माणसापर्यंत झिरपायला काही वर्षं लागली. आपण झिरपायची वाटच पाहिली नाही, थेट माणसाच्या तोंडात नळी घातली. समीक्षित नियतकालिकातल्या लेखाला १५ गुण, समीक्षित नसलं पण आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, असला तरी १०. आणि त्यावर नोकरी, त्यावर स्थाननिश्चिती, म्हणजे बढती. ज्याने अभ्यासक्रम सांभाळायचा, परीक्षेची ड्युटी करायची, निवडणुकीचं काम करायचं, त्या तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसाला एकदम लेखक व्हायला सांगितलं. सुट्टी नाही, पैसा नाही, ग्रंथालयात जर्नल नाही. ते मीच सांगू शकतो, ग्रंथालय माझ्या ताब्यात होतं.

मग काय झालं ते तुम्हीही पाहिलं असेल. लेख वाचला का हे कुणी विचारेना. सगळे विचारायचे, 'सर, आयएसएसएन ओरिजिनल आहे ना?' एकदा एक प्राध्यापक एका चर्चासत्राचं जाडजूड इतिवृत्त घेऊन आले, नंबर खरा आहे का ते बघायला. मी चाळत होतो तर संपादक मंडळात माझंच नाव! मला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी घातलं ते म्हणाले, 'अहो, तुमच्यासाठीच घातलं, तुम्हालाही गुण मिळतील.' रागवावं की आभार मानावेत ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या ठोकळ्यात सिंचनापासून संत साहित्यापर्यंत सगळं एकाच दोऱ्याने शिवलेलं होतं.

ही गावगप्प नाही, याचं मोजमापही झालं, आणि तेही महाराष्ट्रात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी तपासली. विद्यापीठांनी शिफारस करून आत घातलेली, कुठल्याही डेटाबेसच्या सूचीत नसलेली नियतकालिकं त्यांनी नमुन्यादाखल पाहिली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असावीत, असं निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढे यूजीसीचीच नवी केअर यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चालायचं, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. यादी करणारा आणि यादीत घुसणारा, हा लपंडाव फक्त आपलाच नाही. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या मूळ निधीतले १४ टक्के प्रकाशनांवर ठरतात, म्हणून यादी ते डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. तरी अलीकडे दोन मोठ्या प्रकाशकांची २७१ नियतकालिकं त्यांना सगळ्यात खालच्या, शून्य स्तरावर उतरवावी लागली.

मग न मोजता वाटायचं कसं? ब्रिटन वाचतं. १९८६ पासून काही वर्षांच्या अंतराने तिथे विषयवार समित्या बसतात आणि विद्यापीठांनी पाठवलेलं काम खरोखर वाचतात. २०२१ च्या फेरीत १५७ संस्थांची १,८५,५९४ कामं होती. त्यात मला आवडणारी युक्ती अशी की एका माणसाची जास्तीत जास्त पाचच कामं घेतली गेली. कुणी ४० लेख छापले तरी पाचच निवडून द्या. इथे संख्येचा दात निघतो. पण वाचणं स्वस्त नाही. त्या एका फेरीचा खर्च ४७.१ कोटी पौंडांच्या घरात धरला गेला. त्यावर वर्षाला साधारण २ अब्ज पौंड वाटले जातात, म्हणून त्यांना परवडतं. आपल्या राज्य विद्यापीठांच्या संशोधन निधीचा आकार पाहता वाचणावळच निधीपेक्षा जड व्हायची.

म्हणून माझं मत असं. तुमच्या सूत्राला माझा विरोध नाही. सूत्र विद्यापीठाच्या फाटकाशी थांबत असेल तर छोट्या रकमेसाठी चालेल. पण ते फाटकाशी थांबवायची तरतूद सूत्रातच लिहावी लागते: माणसागणिक तक्ता कुणी मागितला तर तो द्यायचा नाही, आणि स्थाननिश्चितीच्या फायलीत हे गुण लावायचे नाहीत. नॉर्वेने नुसतं बजावलं, बंदी घातली नाही, आणि परिणाम मी पडद्यावर पाहिला. डेन्मार्कने अशीच पद्धत २०२१ च्या शेवटी गुंडाळली, नॉर्वेनेही अलीकडे निधीच्या सूत्रातून गुण काढले. नोंदवही मात्र ठेवली, म्हणून माझी नोकरी शाबूत आहे.

तुम्ही लिहिलंय की विद्यापीठाच्या समितीवर तुम्हीही आहात. सूत्राचा मसुदा समोर आला की टक्केवारीकडे नंतर बघा. आधी विचारा, यात मोजायला कुठला डेटाबेस घेतलाय. धुळ्याच्या राजवाडे मंडळाच्या 'संशोधक'मध्ये आलेल्या मराठी लेखाला किती गुण आहेत? आणि मोडी कागद वाचत चार वर्षं काढलेल्या माणसाच्या पुस्तकाला किती? उत्तर 'स्कोपसमध्ये असेल तर' असं आलं, तर मसुदा परत पाठवा.