बोल्ट ॲक्शनसाठी (हाताने बोल्ट ओढायची रायफल) भरलेली .३०-०६ मापाची काडतुसं एम१ गरँड या जुन्या अमेरिकन अर्धस्वयंचलित रायफलीत चालतील का? (भाऊ परभणीचा, सध्या टेक्सासात, तिथे काडतुसं घरी भरतो)

नाही, तीच भरणी गरँडला देऊ नका. या रायफलीत नळीच्या टोकाजवळच्या भोकातून वायू घेऊन ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे नेणारा दांडा) मागे ढकलला जातो. सावकाश जळणारी दारू असली की गोळी तिथं पोचते तेव्हाही दाब जास्तच उरतो अन् रॉड वाकतो. जुना रॉड मिळणं महाग काम. म्हणून आयएमआर ४८९५ किंवा ४०६४ सारखी मध्यम वेगाची दारू आणि १५० ते १७५ ग्रेन (वजनाचं माप) गोळी घ्या. दारूचं वजन भरणी-पुस्तकातल्या गरँडच्या तक्त्यातूनच, खालच्या आकड्यापासून सुरू करून.

खरा धोका प्राइमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीचा. फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना प्राइमरला हलकी टिचकी मारतेच. प्राइमर पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) बुडाच्या वर राहिला तर ट्रिगर न दाबता बार उडतो. तो ०.००३ ते ०.००५ इंच आत बसवा, शक्यतो कमी संवेदनशील असा सीसीआय ३४. पुंगळी पूर्ण लांबीची रीसाइझ करून (साच्यात दाबून मूळ मापावर आणून) २.४८४ इंचांवर कापा.

ॲडजस्टेबल गॅस प्लग (वायूचा दाब कमी-जास्त करता येणारं बूच) लावला असेल तर दारूच्या निवडीत थोडी सूट मिळते, प्राइमरच्या बाबतीत मुळीच नाही.