फ्रीजरमध्ये गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसतंय, वापरू का?

नको, टाकून द्या. तुम्ही लिहिलंय की आईची कुपी रात्रभर चुकून फ्रीजरमध्ये राहिली, सकाळी वितळून नितळ झाली, मग बिघडलं काय? मी प्रथिन-औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते. आमचा निम्मा जीव याच प्रश्नात अडकलेला असतो.

इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटायला टपलेलेच असतात. पीएच ५.३ च्या आसपास त्यांच्यावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो, एकमेकांना ढकलायला काही उरत नाही आणि साका बसतो. (दुधात लिंबू पिळल्यावर केसीनचं हेच होतं, तिथे आकडा ४.६.) म्हणून साधं इन्सुलिन ७.४ च्या आसपास ठेवतात. शिवाय कुपीत थोडं जस्त असतं, त्याच्याभोवती सहा-सहा रेणू मूठ वळून बसतात. सुटा रेणू जास्त धोक्याचा. तो उलगडतो, पाणी टाळणारा आतला भाग उघडा पडतो आणि त्याचे धागे जुळायला लागतात. कुपीला जो दवाखान्यासारखा वास येतो तो बहुधा मेटाक्रेसॉलचा. घातलेला असतो जंतूंसाठी, पण ती मूठ घट्ट ठेवायलाही तो कामी येतो.

आता गोठण्याचं. बर्फ होतो तो निव्वळ पाण्याचा. प्रथिन आणि क्षार उरलेल्या थेंबभर द्रवात कोंबले जातात. बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) सोडियम फॉस्फेटचा असेल तर त्यातला एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि पीएच चांगलाच घसरतो. बर्फाच्या पृष्ठभागाला चिकटून रेणू उलगडतात ते वेगळंच. वितळल्यावर पाणी पूर्वीसारखं होतं, पण जुळलेले रेणू सुटे होतीलच असं नाही, आणि ते डोळ्यांना दिसतील असंही नाही.

कुपी गदागदा हलवणंही वाईट, कारण बुडबुड्याच्या कडेलाही रेणू उलगडतात. एनपीएच (सावकाश काम करणारं एक इन्सुलिन) मुळातच ढगाळ असतं, ते एकसारखं करावं लागतं, म्हणून न हलवता तळहातांत घोळवायला सांगतात.

ग्लार्जिन या दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनमध्ये मात्र हाच दोष कामाला लावलाय. त्याचा रेणू बदलून शून्य भाराचा पीएच ७ च्या जवळ आणलाय. कुपीत पीएच ४, म्हणून नितळ, त्वचेखाली ७.४ भेटला की साका बसतो आणि त्यातून दिवसभर थोडं थोडं सुटत राहतं. ते दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये, याचं एक कारण हेच.

नवी कुपी २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीजरच्या कप्प्याला खेटून नको. आणि आजचा डोस चुकवू नका. नवी कुपी लगेच मिळत नसेल तर डॉक्टरांना आत्ताच फोन करा.